न उचललेलं बोट

ऐन कापणीत ऑरेस्टकाकाचा हार्वेस्टर भर गव्हात बंद पडला, आणि नेमका त्याच सकाळी टोरोंटोहून डोंगर बघायला निघालेला पुतण्या डॅनी वाटेत भेटून जावं म्हणून येऊन टपकला. पाहुणा असला तरी हातपाय आहेतच, असं म्हणत काकानं त्याला आपली लाल पिकअप देऊन गावात बेअरिंग आणायला पिटाळलं.

डॅनी रिकाम्या हातानं परतला. बेअरिंग मंगळवारी येणार होतं. पश्चिमेला आभाळ काळं होत होतं आणि ऐंशी एकर गहू उभा होता. शेजारच्या मेत्रोकडं हार्वेस्टर होता, पण त्याचंही रान उभंच. मागायचं कोणत्या तोंडानं, म्हणून काका हनुवटी धरून पायरीवर बसला.

घरात फोन वाजायला लागला तो थांबेचना. शेवटी स्टेफाकाकू बाहेर आली.

"वाटंत गाड्या भेटल्या का रं डॅनी?"

"पाचसहा भेटल्या."

"मग बोट उचललंस का?"

"कसलं बोट?"

काकूनं कपाळावर हात मारला. "आरं, समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट तरी उचलायचं. हितं वैऱ्याला बी उचलत्यात. धुळीत त्वांड कुनाला दिसतंय? गाडी वळखत्यात. आता गावभर झालंय, ऑरेस्टनं समद्यांशी बोलनं टाकलं म्हनून."

काका डॅनीवर कडाडणार होता, पण तेवढ्यात अंगणात एक गाडी शिरली. सहा वर्षांपूर्वी नेलेली शिडी एकानं खाली मान घालून परत आणली. पाठोपाठ दुसऱ्याची बायको बटाट्याचं सारण भरलेली पातेलंभर पेरोगी देऊन गेली. का रागावलास, असं कुणीच विचारत नव्हतं. ज्याचं त्याला ठाऊक होतं. काकू खरं सांगायला तोंड उघडायची आणि काका तिच्या पायावर पाय द्यायचा.

दुपारी मेत्रो हार्वेस्टर घेऊनच आला. थेट गव्हात घुसला. अर्धं रान कापून झालं तेव्हा खाली उतरला आणि टोपी काढून काकापुढं उभा राहिला.

"कळलं न्हवं तुला? तुजं थोरलं बदक कोल्ह्यानं न्हाय न्हेलं. आमीच खाल्लं, नाताळात."

काकाचा जबडा आवळला. त्या बदकासाठी तो तीन दिवस बर्फात बंदूक घेऊन कोल्ह्याची वाट बघत बसला होता.

"नाताळात तर आमी तुज्याकडंच जेवलो की."

"व्हय. तू दोनदा वाढून घेतलंस."

डॅनीनं हसू दाबायला पाठ फिरवली. काकाच्या मानेच्या शिरा फुगल्या. त्यानं आभाळाकडं बघितलं, मग उभ्या गव्हाकडं.

"लई रागावलास व्हय?" मेत्रोनं विचारलं.

"चाळीस एकर राहिलंय," काका म्हणाला. "त्येवडं झालं की सांगतो."