नळीवरचा हात

थोरली रोज सकाळी देवापुढे हात जोडून साऱ्या जगाचं भलं मागायची. शेजारीण, शेजारणीचा तापट नवरा, वाचनालयातल्या पुस्तकांची पानं दुमडणारे वाचक, कोणाला म्हणून वगळायची नाही. शेवटी धाकट्या भावापाशी आली की मात्र जीभ अडखळायची. "आणि त्याचं… त्याचं तर तू बघतोच आहेस," एवढं म्हणून ती घाईने डोळे उघडायची. देव काय समजायचं ते समजत असेल.

देवाने त्याचं बघितलं होतं हे खरंच. शाळेतले निबंध ताईकडून लिहून घेणारा हा पोरगा पुढे मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात कारकून झाला आणि तिथल्या बाद झालेल्या पावत्यांच्या पाठीवर त्याने पहिली कादंबरी खरडली. नायकाचं नाव एक्का. एक्का धावत्या ट्रकवरून उडी मारायचा, विमानाच्या पंखावर हाणामारी करायचा, सतरा गोळ्या अंगाला चाटून गेल्या तरी त्याच्या शर्टाची इस्त्री मोडायची नाही. प्रकाशकाने ती कादंबरी गंमत म्हणून छापली, आणि लोकांनी तिच्यावर अशा उड्या टाकल्या की गंमत बाजूलाच राहिली. धाकट्याने नोकरी सोडली, दाढी वाढवली, वर्षाला दोन पुस्तकांचा रतीब घातला. आता एक्क्याची एकेचाळीस पुस्तकं झाली होती आणि प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर काहीतरी फुटत होतं.

थोरली ज्या वाचनालयात काम करायची, तिथे त्या पुस्तकांसाठी नंबर लागायचे आणि त्यांच्यावर तारखेचा शिक्का मारायचं भाग्य तिच्याच हाताला. तिनेही एक कादंबरी लिहिली होती, नऊ वर्षं खपून. फडताळात ती एक्क्याच्या रांगेशेजारीच उभी असायची, लग्नाच्या मांडवात चुकून शिरल्यासारखी. "ताई, तुमच्या भावाचं नवीन कधी?" असं कोणी विचारलं की ती गोड हसायची. पोटात निखारा घेऊन गोड हसणं फार कष्टाचं असतं. ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

त्यात बाबांच्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आत हवेचा बुडबुडा सोडलाय. तो पडद्याला टेकून राहायला हवा. पंधरा दिवस तोंड जमिनीकडे. झोपताना, बसताना, जेवतानाही."

बाबा एकतीस वर्षं अग्निशामक दलात बंबाचे ड्रायव्हर होते. ते थोरलीच्या घरी पलंगावर पालथे पडले, कपाळाखाली पलंगाच्या कडेबाहेर काढलेली, मधे भोक असलेली उशी.

"जन्मभर कोणापुढे मान खाली घातली नाही," उशीतून आवाज आला, "आणि हा कालचा डॉक्टर घालायला लावतो."

"पंधरा दिवसांनी दुप्पट वर करा. काही वाचून दाखवू?"

"धाकट्याचं नवीन आणलंयस ना?"

"माझं वाचू का? त्या वेळी अर्धंच राहिलं होतं तुमचं."

"तुझं ना, ते सावकाशीचं काम आहे, बाळा. डोळा बरा झाला की मीच वाचेन."

थोरलीने एक्का उघडला.

रोज दुपारी वाचनालयातून अर्ध्या वेळेला घरी येऊन ती पलंगाशेजारी बुटक्या स्टुलावर बसायची. वाचायची ती अशी, की जणू वाण्याची यादी. स्फोट झाला. जीप उलटली. एक किलो डाळ. तरी उशीतून आवाज यायचाच, "पुढे? पुढे काय झालं?" मग तिने चिडून अधलीमधली पानं गाळायला सुरुवात केली. एक्का तळघरात अडकायचा आणि पुढच्या वाक्याला हेलिकॉप्टरमध्ये असायचा. "वस्ताद आहे!" बाबा म्हणायचे. आता बोला!

सहाव्या दिवशी नववं प्रकरण आलं. गोदामाला आग. बंब येतो. आणि तिथे छापलं होतं : 'एक्क्याने ड्रायव्हरला बाजूला ढकललं आणि स्टिअरिंगवर झेप घेतली.'

थोरली थांबली. एकेचाळीस पुस्तकांत पहिल्यांदा बंबाचा ड्रायव्हर आला, आणि तो अर्ध्या ओळीत ढकलला गेला! ज्याच्या बापाने बंब चालवून त्याला वाढवला, त्याच्या हातून! तिची नजर पानावर होती, पण जीभ पान सोडून निघाली.

"ड्रायव्हर जागचा हलला नाही," ती वाचल्यासारखी म्हणाली. "बाकीचे आत गेले. त्याने आत जायचं नसतं. त्याने पंपाजवळ उभं राहायचं, एक डोळा दाबाच्या काट्यावर आणि एक हात नळीवर. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. नळी हाताखाली थरथरते तोवर दुसऱ्या टोकाला माणसं आहेत. लोक ओरडतात, हा मेला नुसता उभा काय राहिलाय! तो उभाच राहतो. त्याच्या तळहातात चार जणांचे जीव धडधडत असतात."

ती थांबली. मग उशीच्या भोकाखाली, फरशीवर, टप्पकन एक थेंब पडला. आणखी एक.

"बाबा! डोळा दुखतोय?"

"धाकट्याला हे कुठून कळलं?" बाबांचा आवाज फाटला होता. "मला वाटायचं, पोराने कधी माझ्याकडे बघितलंच नाही. सगळं बघत होता गं तो!"

ती नऊ वर्षांची असताना डबा घेऊन अग्निशामक केंद्रावर गेली होती, तेव्हा बाबांनीच तिला नळीवर हात ठेवायला लावून हे सांगितलं होतं. सांगणारा विसरला होता. ऐकणारीने जपून ठेवलं होतं. आणि आता त्याचा हार भावाच्या गळ्यात पडत होता, तोही तिने स्वतःच्या हाताने ओवलेला. म्हाताऱ्याचा आनंद बघावा तर सांगवत नव्हतं, आणि न सांगावं तर घशाखाली घास उतरत नव्हता. चार दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बाबा ती नळी ऐकवत राहिले. "माझ्या लेकाने लिहिलंय," म्हणायचे. थोरली पाहुण्यांना चहा द्यायची आणि प्रत्येक कपात थोडी जळायची.

रविवारी धाकटा आला. फळांची करंडी, नवा चष्मा, दाराबाहेर सही मागणारा शेजारणीचा नवरा.

"ते नळीचं, तळहातातल्या जिवांचं वाच," बाबा उशीतून म्हणाले. "तुझ्या तोंडून ऐकायचंय."

धाकट्याने पान काढलं. मागे गेला, पुढे गेला. मग हळूच मान वर करून ताईकडे बघितलं.

थोरली स्टुलावर बसून राहिली. नुसतं गप्प राहायचं होतं. एकेचाळीस पुस्तकांचा धनी स्वतःच्याच पुस्तकात वाट चुकला होता, आणि हे बघायला तिने किती वर्षं वाट पाहिली होती! गोड लागलं तिला. देव तिला क्षमा करो, फार गोड लागलं.

"बाबा," धाकटा म्हणाला, "हे मी लिहिलेलं नाही. माझ्या पुस्तकात एक्का ड्रायव्हरला ढकलून देतो."

थोरलीच्या मनात पहिला विचार आला तो हा, की खरं बोलायचा मानही यानेच आधी पटकावला.

"ढकलून देतो?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग माझी नळी कोणाची?"

"माझी," थोरली म्हणाली. "म्हणजे तुमचीच. तुम्हीच सांगितली होतीत. मी वाचताना घातली."

बाबांचे खांदे खचलेले तिला दिसले. चार दिवस लाभलेला लेक पुन्हा हरवला होता.

"मला तुम्ही कधी सांगितलंच नाहीत, बाबा," धाकटा म्हणाला.

"तू विचारलंस कधी?"

धाकटा पलंगाजवळ फरशीवर बसला, बापाचं तोंड दिसेल इतका खाली वाकून. "आता विचारतो." आणि सवयीने त्याचा हात खिशात गेला. वही आली, पेन आलं. "ताई, ते तळहाताचं काय होतं? नीट सांग. बेचाळिसाव्यात हे असं बसेल ना—"

"वही इकडे दे," थोरली म्हणाली.

"अगं, मी लिहून घेतो की."

"इकडे दे म्हटलं ना."

त्याने दिली. द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं, बोटं जरा जास्तच वेळ वहीला चिकटून राहिली. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते तिने आरशात पुष्कळदा बघितलं होतं. तिला त्याची कीव आली. आणि खोटं कशाला बोला, बरंही वाटलं.

"कुठून सुरू करू?" उशीतून आवाज आला.

"कुठूनही," ती म्हणाली. "फक्त सावकाश सांगा."

"पाणी संपलं होतं एकदा," बाबा म्हणाले. "चार जण आत, आणि माझ्या हाताखालची नळी ढिली पडली."

"पुढे?" धाकट्याने विचारलं.

"थांब रे," थोरली म्हणाली, "लिहू दे मला."