लिखा काढणारी फणी

"ही मारते का?" टेबलापलीकडच्या मॅडमनी फणी उजेडाकडे धरत विचारलं.

"कोणाला?"

"उवांना. लिखांना."

"मारत नाही. काढते," वहिनी म्हणाल्या.

"मग उपचार कसा झाला?"

वहिनींनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. तो कात्र्या-सुऱ्यांना धार लावणारा माणूस, सरकारी ऑफिसात शिरला की त्याची वाचाच बसायची. आताही मान खाली घालून तो नखांत अडकलेली काळी पूड काढत बसला होता. ही फणी त्यानं बनवली होती. बोलायचं काम मात्र वहिनींच्या गळ्यात.

"मॅडम, लीख केसाला चिकटून बसते," त्या शांतपणे म्हणाल्या. "औषधानं ऊ मरते, लीख तशीच राहते. आठवड्यात परत उवा. ही फणी लीख ओढून काढते. एवढंच."

"एवढंच म्हणून कसं चालेल? पाकिटावर तुम्ही छापलंय, 'लिखा काढणारी फणी'. म्हणजे दावा झाला. दावा आला की ती फणी राहत नाही, वैद्यकीय उपकरण होतं. उपकरण म्हटलं की पुरावा लागतो." मॅडम वाईट नव्हत्या. समजावून सांगत होत्या. "डॉक्टरांचं किंवा एखाद्या संस्थेचं पत्र आणा. तोपर्यंत अर्ज त्रुटीत राहील."

वहिनी म्हणजे गिऱ्हाइकांच्या वहिनी. दुकानात येणारे न्हावी, शिंपी, खाटीक सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारायचे. नवरा आत चाकाशी आणि त्या बाहेर गल्ल्याशी, अशी वर्षं गेली होती. फणीचं खूळ निघालं ते नणंदेच्या मुलीवरून. पोरगी तेव्हा लहान होती. डोकं उवांनी भरलं म्हणून शाळेतून घरी पाठवली. नणंदेनं शरमेपोटी कोणाला न विचारता ढेकणांचं औषध तिच्या डोक्यावर ओतलं आणि वर घट्ट फडकं बांधलं. फडकं सोडलं तेव्हा त्याबरोबर कातडीही सुटून आली. मुलगी वाचली, पण केस गेले. पुढे कितीतरी दिवस ती खिडकीशीसुद्धा यायची नाही.

मामा तिला बघून आला आणि न जेवता दुकानात जाऊन बसला. पहिली फणी पत्र्याची, तिनं केस तुटले. दुसरीनं वहिनींचं डोकं ओरबाडलं, कारण चाचणीला डोकं त्यांचंच होतं. शेवटी त्यानं पोलादी तारेचे दात एकमेकांना जवळजवळ चिकटून बसवले आणि प्रत्येक दाताला बारीक चर पाडला. ही फणी केसातून सरळ उतरली. शेजारणी मागायला लागल्या. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं काउंटरवर खोका ठेवला. वहिनींनी हौसेनं पाकिटं छापून घेतली, आणि त्या पाकिटापायीच औषध खात्याचा तपासनीस मेडिकलमध्ये आला. मेडिकलवाल्यानं त्याच दिवशी खोका परत आणून दिला.

"वहिनी, माल चांगला आहे, पण माझं लायसन जाईल," तो म्हणाला. "परवानगी आणा, मी पुन्हा ठेवतो."

वहिनी पत्राच्या मागे लागल्या. आधी डॉक्टर. त्यांनी फणी उलटीसुलटी करून पाहिली आणि अंगठ्यावरून फिरवली.

"माझ्याकडे उवा घेऊन कोण येतं? डोकं पिकलं की येतात. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तर कसं लिहू?"

"मी आणते ना मुलींना. तुमच्यासमोर विंचरते."

"इथे? दवाखान्यात?" डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या पेशंटांकडे नजर टाकली. "नको नको."

मग शाळा. मुख्याध्यापिका बाई जुन्या ओळखीच्या. त्यांच्याच शाळेतल्या कितीतरी मुलींची डोकी वहिनींनी दुकानाच्या मागच्या खोलीत बसून साफ केली होती.

"फणी उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू, आमच्या स्टाफरूममध्येही एक आहे."

"मग तेवढंच दोन ओळीत लिहून द्या."

"शाळेच्या शिक्क्याखाली? आमच्या शाळेत उवा आहेत असं?" बाईंनी आवाज खाली आणला. "वहिनी, प्रवेशाचे दिवस आहेत. पलीकडच्या शाळेवाले त्या कागदाच्या प्रती वाटतील."

"त्यांच्याही मुली येतात की माझ्याकडे."

"त्यांच्याकडूनच घ्या मग पत्र."

पलीकडच्या शाळेनं त्यांना फाटकातच थांबवलं.

वहिनी पुन्हा ऑफिसात गेल्या. पत्राशिवाय काही होतंय का बघायला. मॅडमनी त्यांना टेबलाशी बसू दिलं नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं उठून त्या बाहेर आल्या आणि त्यांना जिन्याशी घेऊन गेल्या.

"तुम्ही अर्जाबरोबर नमुना दिला होता ना, तो मी घरी नेला होता," मॅडम भिंतीकडे बघत म्हणाल्या. "माझ्या मुलीला झाल्या होत्या. सगळं करून थकले होते."

"गेल्या?"

"गेल्या."

वहिनींच्या छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. "मग झालं तर, मॅडम. तेवढंच लिहा फाइलवर."

"मी कशी लिहू? मी तपासणारी आहे." मॅडम ओशाळल्या. "आणि एक सांगायचं होतं. त्या नमुन्याचं सील फुटलंय. तुम्हाला नवा नमुना द्यावा लागेल."

रागानं वहिनींचे कान तापले होते, पण समोरच्या बाईचा चेहरा इतका पडलेला होता की भांडावंसं वाटेना. पिशवीतून दुसरी फणी काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली.

"त्यापेक्षा दावा काढून टाका ना," मॅडम म्हणाल्या. "नुसती फणी म्हणा. नुसत्या फणीला परवानगीच लागत नाही."

"मग ज्या बाईला हवी तिला कळणार कसं?"

मॅडम नवी फणी घेऊन आत गेल्या.

घरी आल्यावर वहिनींनी हे सांगितलं, तेव्हा इतके दिवस गप्प असलेला नवरा एकदम उखडला.

"पुरे झालं. मी कात्र्यांना धार लावत होतो तेच बरं होतं. कोणी विचारत नव्हतं, कात्री कापते याचा पुरावा आण म्हणून."

"अहो, पण सगळ्यांना पटलंय. शेजारणींना, बाईंना, त्या मॅडमना—"

"पटलंय ना? मग लिहीत का नाही एकजण?" त्यानं हातातलं फडकं बाकावर टाकलं. "माझ्या भाचीचं डोकं जळालं तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. कोणी तोंडानं उच्चार केला नाही."

नणंदेची मुलगी त्या दिवशी तिथेच होती. आता ती मोठी झाली होती, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आतल्या खोलीत अभ्यास करत बसली होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"मी लिहून देते," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या डोक्यात होत्या, औषधानं भाजलं, केस परत आले तेव्हा पुन्हा झाल्या, त्या मामाच्या फणीनं गेल्या. नाव-गाव घालून देते."

"अगं, सरकारी कागद आहे तो. कोणीही वाचेल," वहिनी म्हणाल्या. "उद्या तुझं लग्नाचं बघायचं झालं म्हणजे?"

"वाचू दे." ती दारातून हटली नाही. "कुणीतरी लिहायला हवं ना, मामी?"

तिनं पान भरून लिहिलं. कुठे काही झाकलं नाही. शाळेत तिच्या शेजारी कोणी बसायचं नाही, हेही लिहिलं. खाली सही केली. वहिनी आणि ती, दोघी तो कागद घेऊन ऑफिसात गेल्या. मुलीनं बाहेर थांबते म्हटलं.

मॅडमनी कागद उभ्याउभ्या वाचला. मग बसून पुन्हा वाचला. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी तो पुसला आणि कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. त्या बराच वेळ आत होत्या. काचेतून साहेबांची नुसती हलणारी मान दिसत होती.

"नातेवाईक आहे," बाहेर येऊन मॅडम म्हणाल्या. "बनवणाऱ्याची भाची. पुरावा म्हणून धरता येत नाही म्हणाले. अर्ज निकाली काढलाय."

"निकाली म्हणजे?"

"बंद."

"तुम्ही त्यांना तुमच्या मुलीचं सांगितलंत?"

मॅडमनी टेबलावरच्या फायली सारख्या केल्या.

"मग तो कागद परत द्या," वहिनी म्हणाल्या. "पोरीनं मनावर दगड ठेवून लिहिलाय."

"फाइलला लागलेला कागद परत देता येत नाही, वहिनी." ऑफिसातल्या कोणी त्यांना या नावानं हाक मारायची ती पहिलीच वेळ.

पुढे फणी विकली गेली ती नुसती फणी म्हणूनच. पाकिटं कोरी झाली. मेडिकलवाल्यानं ती कंगव्यांच्या ओळीत मागे कुठेतरी लावली, आणि ज्यांना माहीत होतं त्या बायका येऊन बोटानं दाखवून न्यायला लागल्या. पण ते नंतरचं. त्या दुपारी वहिनी ऑफिसच्या पायऱ्या उतरल्या तेव्हा त्यांना एवढंच कळत होतं, की खाली उभ्या असलेल्या पोरीला काहीतरी सांगावं लागणार आहे.

"काय म्हणाल्या?"

वहिनींनी खरं ते सांगितलं.

"म्हणजे मी उगीच लिहिलं," मुलगी म्हणाली.

दोघी बसस्टॉपवर येऊन बाकावर बसल्या. स्टॉपवर गर्दी होती. शाळा सुटलेल्या मुली होत्या, बाजार करून निघालेल्या बायका होत्या, मागे एक तरुण पेपर वाचत उभा होता. बसचा पत्ता नव्हता.

थोड्या वेळानं मुलीनं केसांचं रबर काढून मनगटात अडकवलं. घट्ट बांधलेली वेणी बोटांनी शेवटापासून वरपर्यंत उलगडली. केस पाठभर पसरले. कानामागे, जिथे भाजलं होतं, तिथे बोटभर जागा अजून कोरी होती, आणि ती वाऱ्यानं उघडी पडली. शेजारच्या बाईनं तिकडे पाहिलं. मुलीनं हात वर नेला नाही. ती तशीच बसून राहिली, रस्त्याकडे बघत, मोकळ्या केसांनी.

वहिनींनी पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्याजवळ आणखी थोड्या सरकून बसल्या.