ऊन पाण्याच्या सहा कुप्या

“फुंकू नका म्हटलं ना! तुमच्या फुंकरीत दमट वाफ असते, आणि मग ही गंजते,” योशिनो पुटपुटल्या आणि त्यांनी मला नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं.

“चाळीस वर्षं याच फुंकरीवर दुकान चाललंय,” एइसाकु म्हणाले.

“दुकान टोफूचं आहे. ही टोफू नाही.”

मग त्यांनी काडीला कापूस गुंडाळून माझे पितळी दात एकेक करून पुसले. हल्ली रोज दुपारी हेच चालतं. एइसाकुंचं वाटीभर जेवण होतं, दिवसातलं तिसरं. सहा वेळा थोडं थोडं जेवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. त्यानंतर माझी पाळी.

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्याची नव्हे, व्हिडिओ गेमची. करड्या प्लॅस्टिकची, तळहाताएवढी. पाठीवर काळ्या शाईत लहान मुलीच्या अक्षरात ‘किमिए’ असं लिहिलेलं आहे. आमच्याकडे मुलं कॅसेट एकमेकांना खेळायला देतात आणि परत मागताना भांडतात, म्हणून पाठीवर नाव हवंच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पोटात बटणाएवढी गोल बॅटरी बसवली. माझी आठवण त्या बॅटरीत राहते. कोण कुठवर पोचलं, कुणाच्या पिशवीत काय उरलं, सगळं. ती संपली की मी सगळं विसरेन. त्या बाईने झाकणाचा स्क्रू आवळला तेव्हा मला वाटलं, आता आयुष्यभर कुणाचं तरी गुपित सांभाळायचं. ते खरंच निघालं.

किमिए अकरा वर्षांची होती. बर्फ पडत असताना ती खेळण्यांच्या दुकानाबाहेरच्या रांगेत उभी होती, आणि तिच्यामागे तिचे बाबा, एइसाकु, पायात टोफूच्या कारखान्यातले पांढरे रबरी बूट घालून. रांगेतली पोरं बुटांकडे बघून हसत होती. एइसाकुंनी खिशातली पितळी पिपाणी काढून मोठ्याने वाजवली, ‘पूऽऽ-फूऽऽ’. टोफूवाल्याची हाक. पोरं गप्प झाली, किमिएने मात्र लाजून टोपी नाकापर्यंत ओढली.

माझ्यात एक जग आहे. त्यात चार सोबती डोंगर, दलदली आणि गुहा तुडवत निघतात. त्यांची नावं खेळणाऱ्याने ठेवायची. किमिएने तलवारवाल्याचं नाव ‘बाबा’ ठेवलं, कारण तो सगळ्यात बळकट. मंत्र म्हणणारीचं नाव ‘आई’, धनुष्यवालीचं ‘किमि’, आणि चोराचं ‘मांजर’.

त्या वाटेवर तलवारीच्या वारापेक्षा आजारपण जास्त छळतं. कोळी चावला की विष चढतं. लढाई संपली तरी उतरत नाही. चालताना पावलागणिक पडदा लाल लवतो आणि थोडा थोडा जीव जातो. त्यावर कोवळं पान. घुबडाने डोळे वटारले की झोप लागते, तिला घंटा. धुक्यातल्या बाईने फुंकर मारली की मंत्रवालीची वाचा जाते, तिला मध. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दगड होणं. सोबती उभ्या जागी करडा होतो. हलत नाही, बोलत नाही. त्याच्यावर ऊन पाण्याच्या झऱ्याची कुपी ओतावी लागते.

प्रत्येकाची पिशवी वेगळी. लढाई चालू असताना दुसऱ्याच्या पिशवीत हात घालता येत नाही. हे किमिए पहिल्याच आठवड्यात शिकली, तीन वेळा हरून आणि एकदा रडून. मग तिने कुप्या चौघांत वाटल्या, आणि माझ्या माहितीपुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहून ठेवलं.

ते माझे मानाचे दिवस होते. शाळा सुटली की चार-पाच पोरी यायच्या. योशिनो टोफूच्या चोथ्याचे वडे तळून ठेवायच्या. “किमिएला विचारा, तिच्या सोबत्यांना काही होत नाही,” असं पोरी म्हणायच्या. मला तेव्हा फार ताठा होता.

मग किमिए मोठी झाली, नोकरीला ओसाकाला गेली. मी माझ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं कपाटाच्या माथ्यावर. समुद्राची हवा खोक्यात शिरायची. माझे दात हिरवे पडले. नऊ वर्षं कुणी हात लावला नाही. राग आला नाही म्हणजे खोटं सांगितल्यासारखं होईल.

मला खाली काढलं ते एइसाकुंनी. पोरीशी फोनवर बोलायला त्यांच्याकडे विषयच नसायचा. “जेवलीस का?” “हो.” “बरं, आईला देतो.” एवढंच. एका दुपारी पिपाणी बाजूला ठेवून त्यांनी मला उचललं, फूऽऽ करून माझ्या तोंडात फुंकलं, यंत्रात खुपसलं, आणि पडद्यावर किमिएचे चार सोबती जसेच्या तसे उभे राहिले. रविवारी त्यांनीच फोन लावला.

“किमिए, आईची वाचा गेलीय. काय करू?”

“काय? आईला काय झालं?”

“घरातल्या नव्हे गं, तुझ्या खेळातल्या! घरातल्या आईची वाचा गेली असती तर मी फोन कशाला केला असता, आराम केला असता.”

आतून योशिनोंनी पातेलं आपटलं. किमिए पलीकडून इतकी हसली की एइसाकु रिसीव्हर कानापासून लांब धरून बसले. त्या दिवसापासून बापलेक दर रविवारी अर्धा तास बोलू लागले. विष, झोप, मध, घंटा यांवर.

पण एइसाकुंची खेळायची तऱ्हा चमत्कारिक होती. औषध वापरायचंच नाही. बाबाला विष चढलं, पडदा लाल लवतोय, पिशवीत बारा पानं आहेत, आणि हे म्हणणार, “गाव जवळच आलंय. चालेल तेवढं. पान कशाला दवडा?” कधी चालायचं. कधी गावाच्या वेशीवर बाबा कोसळायचा, बारा पानं पिशवीत तशीच. आणि सगळ्या कुप्या, सहाच्या सहा, त्यांनी बाबाच्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या. तो बळकट ना, म्हणून.

त्या वर्षी मार्चमध्ये गावच्या कचेरीतून पत्र आलं. दर वर्षी होते त्या आरोग्य तपासणीच्या निकालाचं. एइसाकुंनी ते उभ्याने वाचलं, घडी घातली आणि माझ्या खोक्यात, पुस्तिकेच्या पानांत सरकवून दिलं. घरात त्या खोक्याला दुसरं कोण हात लावणार?

योशिनो लावायच्या. धूळ पुसताना. एप्रिलमध्ये त्यांनी पत्र काढलं, वाचलं, आणि होतं तसंच परत ठेवलं. कागदावर त्यांच्या ओल्या अंगठ्याचा ठसा उठला. दुसऱ्या दिवशीपासून भात मऊ होऊ लागला, आणि नवऱ्याच्या पट्ट्याला त्यांनी न विचारता एक भोक पाडलं. मे महिन्यात आणखी एक.

मला कळत होतं, कारण एइसाकुंची फुंकर मला पाठ होती. पूर्वी एका फुंकरीत माझे सगळे दात कोरडे व्हायचे. आता तीन माराव्या लागत, आणि मध्ये ते पोटाला हात लावून थांबत. गल्लीतही पिपाणीचा ‘पूऽऽ’ ऐकू यायचा, ‘फूऽऽ’ यायचाच नाही. कोपऱ्यावरच्या मासेवालीने विचारलं, “तुमच्या पिपाणीचं शेपूट कुठे गेलं हो?”

“पिपाणी जुनी झालीय,” योशिनो घाईने म्हणाल्या. आणि जूनमध्ये त्यांनी खरोखर नवी पिपाणी आणली. एइसाकुंनी ती वाजवली. ‘पूऽऽ.’ दोघंही तिच्याकडे बघत बसले.

“नवी आहे. बसायला वेळ लागेल,” एइसाकु म्हणाले.

“हो, लागतो वेळ,” योशिनो म्हणाल्या.

मी सगळं पाहत होते. मला तोंड आहे, पण ते यंत्रात खुपसल्याशिवाय काही उपयोगाचं नाही.

ऑगस्टमध्ये ओबोनला, पूर्वज घरी येतात त्या दिवसांत, किमिए आली. दारातच तिने बाबांकडे पाहिलं आणि जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, “किती उकडतंय इथे!”

“उन्हाळा आहे. उकडणारच,” बाबा म्हणाले.

देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावून झाली, कलिंगड कापून झालं. एइसाकुंनी चार फोडी पोरीच्या ताटात घातल्या, स्वतः एक घेऊन ती नुसती चिवडत राहिले. मग किमिए म्हणाली, “दाखवा बघू, कुठवर पोचलात.”

ते बर्फाच्या गुहेत पोचले होते. तिथे एक म्हातारी घोरपड राहते, तिचा उच्छ्वास लागला की दगड. दुसऱ्याच फेरीत पडद्यावर अक्षरं आली: ‘बाबा दगड झाला.’

“कुपी ओता,” किमिए म्हणाली.

एइसाकु नुसती बटणं दाबत राहिले.

“आईच्या पिशवीत नाही? माझ्या? मांजराच्या? अहो बाबा, कुप्या ठेवल्यात तरी कुठे?”

“बाबाकडे आहेत. सहा.”

“सगळ्या?”

“तो बळकट आहे. बाकीच्यांना कशाला ओझं?”

“आणि तोच दगड झाला तर?”

हरायला मग फार वेळ लागला नाही. “मी तेव्हा काहीतरी लिहून ठेवलं होतं याबद्दल,” असं म्हणत किमिएने माझं खोकं ओढलं. एइसाकुंचा हात पुढे झाला, पण उशीर झाला होता. पुस्तिका नेमकी त्याच पानावर उघडली, कारण पत्र तिथेच होतं. वर तांबड्या अक्षरांत ‘पुन्हा तपासणी करून घ्यावी’. तारीख मार्चची. कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा.

किमिएने तो ठसा पाहिला, मग आईकडे पाहिलं. योशिनो हातातल्या फडक्याच्या घड्या घालत होत्या, घातलेल्या मोडत होत्या.

मित्रांनो, मला जे सांगायचंय ते इथेच सांगून टाकते, कारण यानंतर माझ्या बोलण्याला काम नाही. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवर फुंकर मारू नका, कापसाने पुसा. पानं असतील तर वेशीपर्यंत वाट पाहू नका. आणि घरातल्या बळकट माणसाच्या पिशवीत काय आहे, ते अधूनमधून विचारत जा. तो आपणहून सांगेल या भरवशावर राहू नका.

किमिएने पत्र बाजूला ठेवलं आणि समासातलं आपलंच अकराव्या वर्षीचं अक्षर वाचलं. “दगड झालेल्याला स्वतःची कुपी उघडता येत नाही. शेजारच्याने ओतावी.”

बाहेर रातकिडे ओरडत होते. योशिनो फडक्याकडे बघत म्हणाल्या, “ओबोन संपला की बंदरावरचा दवाखाना उघडेल. मला तसंही तिकडे जायचंच आहे. तुम्हाला यायचं असेल तर… जाता जाता…”

पडदा खेळ पुन्हा सुरू करायचा का म्हणून विचारत होता. एइसाकुंनी बटणांचा ठोकळा चटईवर ठेवला. हात पोटावर नेला आणि या वेळी तो काढून घेतला नाही.

“पोटात दुखतंय,” ते म्हणाले. “मार्चपासून. मी आजारी आहे, योशिनो. मला एकट्याने जायची भीती वाटते.”