राइस मिलजवळची तार

पोरीला तीन महिने झाले होते आणि तिच्या बापानं तिला अजून फोनमध्येच पाहिलं होतं.

संघपाल अवजड ट्रेलरवर कामाला. पुढं ड्रायव्हर, आणि मागची चाकं वळवायचं काम संघपालचं. शेपटाशी लोखंडी खुर्ची, हातात बटणांचा डबा, नजर सतत रस्त्याच्या कडेवर. पोरगी झाली तेव्हा तो छत्तीसगडात होता, श्रीहरिकोट्याला न्यायचा रॉकेटचा एक भाग ट्रेलरवर चढायची वाट पाहत. आज निघू, उद्या निघू करत दिवस गेले. सुटी मागितली की ठेकेदार म्हणे, एवढी खेप होऊ दे.

मग एकदा त्याचा फोन आला. नागपूरच्या पुलांखालून उंची बसत नव्हती, म्हणून भंडाऱ्याहून अड्याळ-पवनीचा रस्ता ठरला होता. अड्याळ म्हणजे रुचिताचं माहेर. बाळंतपणाला आलेली ती अजून तिथंच होती.

“वाटेत मनानं थांबता येत नाही,” संघपाल म्हणाला. “पोलीस राहते संग. पण तुमच्या राइस मिलजवळ विजेची तार खाली हाय. लाईन बंद करून, बांबूनं तार उचलून गाडी काढा लागते. अर्धा घंटा कुठी गेला नाही. तू पोरीले घेऊन तिथंच उभी राहाजो.”

“अन् तुम्ही उतरसान ना?”

“तार उचलेपर्यंत मले काम काय हाय? उतरतो.”

त्या अर्ध्या तासावर रुचितानं आठ दिवस काढले. आई, शकुनबाई, सकाळीच खळ्यावर धानाच्या चुरण्याला, मळणीला, निघून जायची. घरात बोलायला पोरगी तेवढी, आणि ती ऐकता ऐकता झोपायची. रुचिता मनातल्या मनात वाटणी करत बसे. दहा मिनिटं पोरगी त्याच्या हातात. पाच मिनिटं डबा द्यायला. उरलेली आपली. आपल्या मिनिटांत काय बोलायचं हे मात्र तिला काही केल्या ठरवता येईना.

शकुनबाईनं खळ्यावर सांगितलं, खळ्यावरून गावभर झालं. जावयाची गाडी येऊन राहिली, रॉकेट घेऊन.

गाडी यायची त्या दिवशी तिनं पोरीला नऊ वाजता पाजलं आणि मग झोपू दिलं नाही. डोळा लागला की तळपायाला गुदगुली करायची. बापाला उघडे डोळे दिसायला हवेत.

मिलजवळ अर्धं गाव जमलं होतं.

“रॉकेट कोणतं होय बाप्पा?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“रॉकेट नोय बुढ्या, त्याचा डब्बा येऊन राहिला.”

“मंग रॉकेट कशानं येते?”

“थे काळीपिवळीनं येते. शीट भरल्या की निघते.”

सगळे हसले. रुचितानं वर पाहिलं. रस्त्यावर तार नव्हती. नीट पाहिलं तेव्हा ती दिसली, पार उंचावर, दोन्ही खांबांच्या डोक्यांना लोखंडी अँगल जोडून ताणलेली.

शेजारचा घनश्याम, गावचा लाइनमन, मोटारसायकलवरून उतरून आला. हात तारेनं खरचटलेले, तोंडावर हसू.

“पाहून राहिली का बाई? सहा वाजता लाईन बंद केली, दोघं जण संग घेतले, अन् नेली वर. आपल्या जावयाची गाडी आपल्याच गावात अडली असती तं काय इज्जत राहिली असती?”

रुचिताच्या तोंडून निघून गेलं, “दादा, परत खाली नाही का होत?”

घनश्यामला ती थट्टा वाटली. तो खूप हसला.

पोलिसांची जीप आली. तिच्या मागं ताडपत्रीत गुंडाळलेला तो भाग, मिलच्या धुराड्याहून जाड, आणि खाली मोजता येऊ नयेत इतकी चाकं. ट्रेलर थांबायच्या बेतानं हळू झाला. वाट दाखवणाऱ्या माणसानं वर पाहिलं, रस्ता मोकळा दिसला, त्यानं हिरवी झेंडी हलवली. ट्रेलर सायकलच्या चालीनं पुढं सरकला.

शेपटाशी संघपाल खुर्चीतून उठून उभा होता. तो तार शोधत होता. मग त्याला रुचिता दिसली.

तिनं दोन्ही हातांनी पोरीला उंच धरलं. तशीच ती चार पावलं चालली, मग पळाली. शिपायानं काठी आडवी केली, “बाई, बाजूले व्हा.” पुढं मिलच्या भिंतीचं वळण होतं. संघपालनं मान खाली घातली, चाकांकडं. भिंतीआड ट्रेलर गेला, मग तो गेला.

“दोन मिनिटं लागले नाही,” घनश्याम म्हणाला.

रुचितानं त्याच्या खरचटलेल्या हातांकडं पाहिलं. “हो दादा. बरं केलं.”

गर्दी पांगली. ती मिलच्या पायरीवर बसली. पोरगी आता खुशाल झोपली होती. डब्यातली भाजी थंड झाली तेव्हा फोन वाजला. पवनीच्या पुढं जेवणाला गाडी थांबली होती.

“तार कुठी गेली?”

“घनश्यामदादानं वर नेली. तुमच्यासाठी.”



“भला माणूस हाय,” संघपाल म्हणाला.

“हो. पोरगी दिसली ना?”

“वळण होतं ना पुढं. वर पाहाले जरासकच भेटलं. आधी तुले पाहून घेतलं. म्हटलं, मंग तिले पाहीन. तं भिंत आली.”

रुचितानं पदरानं पोरीच्या तोंडावरची माशी हाकलली.

“किती जड झाली?” त्यानं विचारलं. “फोनात कळत नाही थे.”

“दोन पायल्या धान भरन, तेवढी.”

“अन् कडेवर घेतल्यावर?”

ती सांगणार, तेवढ्यात तिकडं कोणीतरी त्याच्या नावानं ओरडलं. फोन चालूच खिशात गेला असावा. त्याची पळती पावलं ऐकू आली, मग गाडी निघताना सुटते तशी एकामागून एक ब्रेकची हवा सुटली. रुचितानं फोन कानाशी तसाच धरून ठेवला आणि पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.