ओळंबा हातात धरायचा नसतो

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या कधीच संपल्या होत्या, बाया भिंतीला टेकून, दारात दाटीवाटीने उभ्या होत्या. समोरच्या बाकावर एक बाई उताणी झोपली होती आणि तिचा नवरा हातभर दोरीला बांधलेलं पितळी वजन तिच्या पोटावर धरून उभा होता. वजन आधी थरथरलं, मग हळूहळू गोल फिरायला लागलं. "फिरली! दोरी फिरली!" हॉलभर कुजबुज झाली आणि त्या नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी हात लावलाय का?" अंगातली बाधा दोरीने ओळखणाऱ्या दोरीमाईंनी माइकमधून विचारलं आणि दोन्ही हात वर करून दाखवले. "दोरी तुमच्या माणसाच्या हातात आहे. ती काय बोलली एवढंच मी सांगते. गर्भाची पिशवी काढली की पोट म्हणजे रिकामं घर. आणि रिकाम्या घरात भाडेकरू शिरणारच! दोरी सरळ हलली तर घर मोकळं. गोल फिरली तर आत कुणीतरी आहे!"

मी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली. बिनतिकिटाचा माणूस मला चेहऱ्यावरून कळतो, आणि ही बाई मला दारातूनच बिनतिकिटाची वाटली. आणि पुढचा नंबर आमचाच होता.

नंबर माझ्या धाकट्या बहिणीचा होता. तीन महिन्यांपूर्वी तिची पिशवी काढली. रक्त जाऊन जाऊन ती पांढरीफटक पडली होती, ऑपरेशनने जीव वाचला. जखम भरली, पण माणूस बदललं. भर थंडीत घामाने भिजायची, खिडकी उघडायची, लगेच लावायची, पुन्हा उघडायची. भाजी चिरताना रडायची. का रडतेस विचारलं तर सुरी आपटायची. "मला काय ठाऊक!" एकदा लेकीच्या हातून ग्लास फुटला, तर ही अशी किंचाळली की नऊ वर्षांची पोर टेबलाखाली जाऊन बसली. मग त्यावरून दिवसभर हिचे डोळे कोरडे झाले नाहीत.

"ताई, हे मी नाही गं," ती सारखी म्हणायची. शेजारणीने तेवढंच ऐकलं आणि दोरीमाईंचा पत्ता आणून दिला.

मेहुण्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. गवंडी माणूस, बोलायला कमी, पण बायकोवर जीव. घाबरलेला माणूस बुडताना काडीही धरतो, यांनी दोरी धरली. दोरीमाईंचा उपाय त्यांनी आधीच ऐकून ठेवला होता. एकवीस दिवस हॉलमागच्या खोलीत राहायचं, गोळ्या बंद, उद्याची डॉक्टरांची तपासणी रद्द. आणि लेकीची सावलीसुद्धा नको, कारण हुसकलेला भाडेकरू जवळचं नवं घर शोधतो म्हणे! पोरीला संध्याकाळी काकांकडे पाठवायचं ठरलं होतं. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली मी सकाळी पाहिली होती आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलं होतं.

धाकटी बाकावर झोपली. "आधी मी धरणार," मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू? माझ्याही हातात दोरी फिरली. दात-ओठ खाऊन हात आवळला, तरी फिरली.

"बघा! विश्वास नसलेल्या हातातसुद्धा बोलते!" दोरीमाई खूश झाल्या.

मग मिस्त्रींनी धरली. त्यांच्या हातात तर ती गरगरा फिरली. "ताई, आता काय बोलायचं राहिलं?" ते म्हणाले.

"अहो!" बाकावरून धाकटी एवढ्या जोरात ओरडली की माइकसुद्धा कुंईऽ करून उठला. "ओळंबा कधी हातात धरता का तुम्ही?"

मिस्त्री गडबडले. भिंत सरळ चढतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा.

"कामावर जेवण घेऊन यायचे तेव्हा रोज ऐकायचे मी. नव्या माणसांवर खेकसायचात. ओळंबा हातात धरायचा नसतो, गाढवांनो, खिळ्याला टांगा! माणसाचा हात कधी स्थिर नसतो! मग माझ्या पोटावरच तेवढा स्थिर झाला का?"

ज्या रागासाठी तिला इथे आणलं होतं, तोच राग होता तो.

मिस्त्रींनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग पुढे होऊन दोरीमाईंसमोरचा माइकचा स्टँड ओढला, त्याचा वरचा दांडा धाकटीच्या पोटावर आडवा येईल असा वळवला आणि दोरी त्याला टांगली. वजन दोन-चार झोके खाऊन मंद झालं आणि थांबलं. अख्खा हॉल वाट बघत होता. ते जागचं हललं नाही.

"लोखंडाशी दोरी बोलत नाही!" दोरीमाई ओरडल्या. "जिवंत हात लागतो!"

"लागतो ना? मग घ्या जिवंत हात," मी म्हटलं. दोरी सोडवून पुन्हा मिस्त्रींच्या हातात दिली आणि माझ्या शालीने त्यांचे डोळे घट्ट बांधले. दोरी फिरायला लागली. मी धाकटीला खूण केली. ती चपला हातात घेऊन आवाज न करता उठली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मिस्त्री रिकाम्या बाकावर दोरी धरून उभे, आणि दोरी आपली गरगर गरगर!

"काय हो माई," मी विचारलं, "भाडेकरू बाकातच राहिला वाटतं?"

आधी एक बाई हसली, मग सगळा हॉल. दोरीमाईंना अचानक दुसरीकडे जायची घाई झाली.

यात जादू नाही आणि दोरी धरणाराही लबाड नसतो. जे होईल असं मनात भरवलेलं असतं, तिकडे बोटं नकळत केसभर सरकतात. लांब दोरी ती केसभर हालचाल मोठी करून दाखवते. दोरीमाई भीती आधीच कानात घालायच्या, पुढचं काम आमचे घाबरलेले हात करायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तपासणीला गेलो. "पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढावी लागली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाळी जाताना अंगात जे बदल काही वर्षांत सावकाश होतात, ते यांच्यात एकदम झाले. घाम, चिडचिड, झोप उडणं, रडू, सगळं त्यातलंच. यावर उपचार आहेत. आणि थोडं दुःखही असतं, त्याला बोलायला माणूस लागतं."

"हे आधी का नाही सांगितलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"घरी जाताना दिलेल्या कागदावर लिहिलं होतं."

कागद कपाटात बिलांखाली पडला होता. तरी मी डॉक्टरीणबाईंनाही सुनावलंच. कागद गप्प राहतो आणि दोरीमाई बोलतात, म्हणून माणसं तिकडे जातात. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

धाकटी इतका वेळ पदराचं टोक पिळत होती. "डॉक्टर, मग हे रडू कुणाचं?"

"तुमचंच."

ती तिथेच हमसून हमसून रडली. या वेळी तिने तोंड लपवलं नाही.

घरी लेक दाराशी उभी होती, पायाशी ती कालपासून भरलेलीच बॅग. "आई, तुझ्या आत कुणी आहे का गं?"

"आहे ना. मीच आहे. जरा चिडकी झालेय सध्या, पण मीच."

पोर तिच्या कमरेला बिलगली.

धाकटी अजून खिडक्या उघडते आणि लावते. नव्या गोळ्यांनी हळूहळू फरक पडतोय, चुटकीसरशी काही होत नाही. म्हणून सांगते. घरातली बाई "हे मी नाही" म्हणाली, तर तिच्याजवळ बसा, काय होतंय ते विचारा, तिला डॉक्टरकडे न्या. आणि कुणी चमत्कार दाखवायला लागलं, तर हात जोडण्याआधी दोरी खिळ्याला टांगून बघा.