चौदा आटे

वेणू, माझी बायको, जाऊन सव्वा महिना झाला होता. कामावर परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तेलाच्या दाबावर पत्रे वाकवणाऱ्या प्रेसच्या रबरी नळीला पोलादी जोड बसवला. जोड गळत होता, म्हणून पाण्याच्या नळाला करतात तसा आट्यांवर ताग गुंडाळला, सफेदा फासला आणि पान्याने आवळला. चार दिवसांनी तो सुटला. तेलाची पिचकारी महिपतीच्या कानाजवळून गेली आणि मागच्या भिंतीचा गिलावा उडाला. महिपती रोज आठ तास त्याच प्रेसपुढे उभा राहायचा.

"आण्णा, नेम चुकला तुमचा," तो हसत म्हणाला.

नळी आणि प्रेसच्या तोंडाचं एक जुनं बूच घेऊन मी अंबरनाथहून उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये गेलो. तिथे लोकूमल नावाचा सिंधी म्हातारा लष्कराचं उरलेलं लोखंडी सामान विकायचा.

"क्या चाहिए, साईं?"

"दोघांना जोडणारा जोड. अर्धा इंची. दोन्हीकडे इंचाला चौदा आटे, मोजलेत मी."

"चूडी गिनी. देखी क्या?"

आम्ही आटे म्हणतो, त्याला तो चूडी म्हणायचा. वेणू हिरवा चुडा भरूनच गेली.

लोकूमलने नळीच्या टोकाचे आटे बुचाच्या आट्यांत शेजारून टेकवून बसवले आणि दोन्ही उन्हाकडे धरून माझ्या डोळ्यांपुढे आणले. दात दातांत बसले होते, तरी प्रत्येक दाताच्या कडेला केसाएवढा उजेड दिसत होता. एकाशेजारी एक, सगळीकडे सारखाच.

"बूच इंग्लिश, नली अमेरिकन," तो म्हणाला. "गिनती एक, ढलान अलग. पाँच डिग्री का फरक. तीन फेरे आराम से जाएगा, फिर धोखा देगा. पानी के नल में धागा-सफेदा चलेगा. यहाँ आदमी मरेगा."

वीस वर्षं मी आटे पाडत होतो. हाताने पाडलेल्या त्या दातांना असा उतार असतो, दोन देशांनी तो वेगळा ठरवलाय, आणि ते केसाएवढं अंतर माणूस मारू शकतं, हे मला त्या दिवशी दिसलं. मी नळी आणि बूच पुन्हा पुन्हा उन्हाकडे धरत राहिलो. घरी जाऊन वेणूला सांगावं असं मनात आलं, आणि मग आठवलं.

लोकूमलने डब्यातून एका टोकाला इंग्लिश, दुसऱ्या टोकाला अमेरिकन आटे असलेला जोड शोधून दिला. "हाथ से घुमाओ. जहाँ जोर माँगे, वहाँ रुको," एवढंच म्हणाला.

कारखान्यात मी तो तागाशिवाय बसवला. तेलाचा थेंब पडला तर दिसावा म्हणून खाली कोरा कागद अंथरला आणि महिपतीला बाजूला केलं.

"मग पहिला पत्रा कोण दाबणार, तो सिंधी?"

"मी."

त्याच्या जागी उभा राहून मी दांडा ओढला. दाबाचा काटा हजारावर गेला, मग दोन हजारांवर. नळी ताठ झाली. बोटभर जाडीचा पत्रा आवाज न करता वाकला. कागद कोरा होता. मी आणखी दहा पत्रे दाबले. कागद तसाच कोरा.

महिपतीने माझ्या खांद्याला धक्का दिला. "सरका आण्णा, जागा माझी आहे."

मी सरकलो, पण तिथून गेलो नाही. भोंगा होईपर्यंत तो जोड बघत उभा राहिलो.