चव बघायचं ताट

संस्थेच्या स्वयंपाकघरात फुकट राबायला लागून मला सहा वर्षं झाली. 'सेवा' वगैरे शब्द मी वापरत नाही. दीडशे माणसांचा भात उपसून झाला की खांद्यातून कळ निघते. तेव्हा कुणी "किती समाधान मिळत असेल हो तुम्हाला" म्हणालं, तर त्याच्याच हातात पातेलं द्यावंसं वाटतं. आमचे हे म्हणतात, "घरी एक कप चहा मागितला तर कपाळाला आठ्या, आणि तिथे रोज गावजेवण!" त्यांचंही खरंच आहे.

आमच्याकडे नियम असा, की काम करणाऱ्याने तिथे जेवायचं नाही. अन्न दुपारी दारात रांग लावणाऱ्या गरजूंचं. अपवाद एकच. वाढायच्या तासभर आधी एकाने पूर्ण ताट जेवून बघायचं, म्हणजे काही बिघडलेलं असलं तर आधीच कळतं. हे काम शिंपीकाकांकडे होतं. दुकान बंद पडल्यापासून ते रोज येत, आमचे फाटके एप्रन शिवत, ढीगभर भांडी घासत. ताटात शीतही ठेवत नसत.

मागच्या महिन्यात माझे पाय असे सुजले, की मला नुसतं दहा मिनिटं टेकायला हवं होतं. आणि बसून निवांत जेवायला मिळतं ते एकट्या काकांना! माझं डोकंच फिरलं. बैठकीत मी ठणकावून सांगितलं, की चव बघायची पाळी सगळ्यांना मिळाली पाहिजे.

"बरोबर आहे ताईंचं," काका म्हणाले. मी लगेच फळ्यावर भाजी आणणाऱ्या ड्रायव्हरसकट अकरा जणांची यादी लिहून टाकली.

तिसऱ्या आठवड्यात पातेलं उचलताना काका भिंतीला टेकले. एप्रनच्या नाड्यांचे कमरेला आता दोन वेढे बसत होते.

"काका, सकाळी जेवलात का?"

"जेवलो की."

"काय जेवलात?"

ते पुन्हा पातेल्याला हात घालायला गेले. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ते ताट हेच त्यांचं दिवसाचं जेवण होतं, आणि मी ते अकरा जणांत वाटून टाकलं होतं. त्यातले दहा जण घरी जाऊन पुन्हा जेवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला आणि ताट वाढून काकांपुढे ठेवलं. "आजपासून परत तुम्हीच. आम्हाला मेली चवच कळत नाही. परवा भात करपला, तरी कुणाला पत्ता नाही." खोटं बोलायची सवय नाही मला. आवाज नको इतका गोड झाला.

काकांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काल ड्रायव्हरची पाळी होती. म्हणजे आज तुमची. जेवा तुम्ही, सकाळपासून उभ्या आहात."

मी विनवलं, मग चिडलेसुद्धा. "हट्टीपणा पुरे हं, काका!" ते हसले आणि भांडी घासायला गेले. शेवटी ते ताट मीच जेवले. अन्न टाकणार कसं?

बारा वाजता दार उघडलं. वाढताना मी माणसं बघत नाही, नुसती ताटं बघते. इतकी दमलेली असते, की तोंडं बघायला लागले तर हात थांबतील. शंभरेक ताटं झाली असतील. पुढच्या ताटाला धरलेली बोटं साबणाच्या पाण्याने सुरकुतलेली दिसली.

काका होते. एप्रन काढून ठेवला होता. शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

रांगेत नवीन आलेल्याला एक प्रश्न विचारून आम्ही वहीत लिहितो. वहीवाल्या बाई वहीत मान घालून पेनाचं टोपण शोधू लागल्या. मग मीच विचारलं, "घरी किती जण?"

"एकटाच," काका म्हणाले.

मी भात वाढला. आणखी वाढायला गेले, तर त्यांनी ताट मागे घेतलं.

"पुरे, ताई. माझ्यामागे अजून चाळीस जण आहेत. मोजून आलोय."